खोप्यांना बांधलेला दोरा

सातवीच्या वर्गात सुचित्रा मॅडमनी फळ्यावर तीन रकाने आखले. नुसतं नीट पाहून लिहायचं, ती वर्णनात्मक तपासणी. दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहायच्या, ती तुलनात्मक. एकच गोष्ट मुद्दाम बदलायची आणि काय होतं ते पाहायचं, तो प्रयोग. तिन्ही सारखेच मोलाचे, हेही त्यांनी पुस्तकातून वाचून दाखवलं. त्यांचा स्वतःचा मात्र त्यावर काडीचा विश्वास नव्हता. तालुक्याच्या प्रदर्शनात काहीतरी पेटावं, फिरावं, उडावं लागतं. निरीक्षणाचा तक्ता दिसला की परीक्षकांना चहाची आठवण होते. फुलसावंगीत आल्यापासून त्या दरवर्षी हेच पाहत होत्या.

तांड्यावरची रंजिता वर्गात एरवी तोंड उघडत नसे. त्या दिवशी ती आपण होऊन बोलली. तांड्याच्या विहिरीवर बाभळीची फांदी वाकली होती आणि तिला सुगरणीचे खोपे लटकत होते. शाळा सुटली की ही तिथं जाऊन बसायची.

"नर अर्धाच खोपा बांधते मॅडम, न् वाट पाह्यते. मादी आत जाऊन पाह्यते. तिले पसंत नाही पडला त नर सोताच तोडून टाकते!"

"छान गं. पण हे वर्णन झालं. यात तू काय केलंस?" मॅडम म्हणाल्या. "काही खोप्यांना रंगीत दोरा बांध, बाकीचे तसेच ठेव. मादी कुठले निवडते ते बघ. बक्षीस आपलंच."

"पाखरं बिचकतीन ना?"

"अगं, तेच तर बघायचं."

मॅडमच म्हणतात म्हटल्यावर काय बोलणार? रंजिताच्या आजीनं, रुपीबाईनं, कशिद्याचा लाल दोरा दिला. घागऱ्यावरच्या काचा वर्षानुवर्षं धरून ठेवणारा, ओढून न तुटणारा दोरा. काकानं आकडीनं फांदी ओढून धरली आणि रंजितानं हौसेनं गाठी मारल्या. दोऱ्याची टोकं वाऱ्यावर हलायला मोकळी सोडली, मादीला दिसावीत म्हणून.

आठवडाही झाला नसेल. खोप्यातून बाहेर पडताना एका मादीचा पाय त्या टोकात गुंतला. ती विहिरीच्या मधोमध उलटी लटकून फडफडत राहिली. रंजिताचा हात पोचेना. काका शेतातून आकडी घेऊन धावत येईपर्यंत फडफड थांबली होती. पुढं बाकीचीही पाखरं खोपे अर्धवट टाकून गेली.

मादी मेली त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेत रंजिता हुंदके देत हे सांगत होती, तेव्हा मॅडमच्या तोंडून निघून गेलं, "लिहून ठेवलंस ना?"

तेवढं म्हटलं आणि त्यांचं त्यांनाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण निघालेला शब्द परत कसा घ्यायचा? रंजितानं डोळे पुसले आणि ती जागेवर जाऊन बसली. त्या वर्षी शाळेनं प्रदर्शनात लिंबावर पेटणारा दिवा पाठवला आणि त्याला तिसरं बक्षीसही मिळालं. मॅडमनी प्रमाणपत्र कपाटात टाकलं.

पुढच्या पावसाळ्यात खोपे पुन्हा लागल्याचं कानावर आलं, तेव्हा मॅडम रविवारी स्वतः तांड्यावर गेल्या. रंजिता दारात भांडी घासत होती, विहिरीकडे पाठ करून.

"माझं चुकलं, रंजिता," त्या म्हणाल्या. "यंदा तू जे बघशील तेच पाठवू. जसंच्या तसं."

"खोपे लागले म्हणते दादी. म्या नाही पाह्यले."

"का गं?"

तिनं भांड्यावरचा हात थांबवला नाही.

"म्या पाह्यलं का तुम्ही त्यात काहीतरी बदलाले लावसान."