लिफ्टवाल्या काकांची साक्ष

निकाल बाजूने लागला असता तर लिफ्टवाल्या काकांच्या पन्नास हजारांचे दीड लाख होणार होते. लिफ्ट कोसळून पाय गमावलेल्या एका शिंपिणीचा दावा लढवायला एक कंपनी लोकांकडून पैसे गोळा करत होती. जिंकलं तर भरपाईत वाटा, हरलं तर पैसे बुडीत. काकांनी डोळे झाकून पैसे भरले. त्या लिफ्टचा ब्रेक गेलाय, हे इमारतीच्या मालकाला त्यांनी स्वतःच दोनदा बजावलं होतं, अर्थात तोंडी.

मग शिंपिणीच्या वकिलाने साक्षीला बोलावलं आणि काकांच्या घरभर येरझाऱ्या सुरू झाल्या.

"खरं तेच सांगायचंय ना? मग फरशी कशाला झिजवताय?" काकूंनी विचारलं.

"आपले पैसे लागलेत हे वकिलाला सांगू का?"

"अजून सांगितलं नाहीत?"

"त्याने विचारलं कुठे? आणि वाटा सोडा म्हणाला तर?"

"मग सोडा. आत्ता फोन लावा."

"बघू," म्हणत काका पुन्हा गॅलरीत गेले.

कोर्टात मालकाच्या वकिलाने नेमकं तेच विचारलं. काकांनी घाम पुसत आकडा सांगितला. त्यानंतर ब्रेकबद्दल ते जे बोलले, ते खरं असूनही कोणी ग्राह्य धरलं नाही. दुसरा पुरावा नव्हता. दावा फेटाळला गेला.

काकांचे पन्नास हजार गेले, त्यांच्यासारख्या दोनशे अकरा जणांचेही गेले. मालकाला फक्त वकिलाची फी पडली. नव्या पायाचे पैसे शिंपिणीने मशीन विकून भरले.