देव झालेला शिशाचा दगड

मी एक जुना दगड आहे. देव नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण गेल्या हिवाळ्यात एक अख्खं गाव मला देव समजत होतं आणि त्यापायी एका पोरीच्या जिवाशी खेळ झाला.

मित्रांनो, माझं खरं नाव गॅलेना. शिसं आणि गंधक यांचं खनिज. दिसायला मूठभर, पण उचललात तर हात खाली जाईल. फोडलात तर नव्या पत्र्यासारखे चकचकीत चौकोनी ठोकळे पडतील.

मी इथला नाही. पाथर्डीच्या या डोंगरांत सगळा काळा दगड, लाव्हा निवून झालेला, साडेसहा कोटी वर्षांचा. माझ्यापुढे तो कालचं पोर. मी दूर अरवलीतला, शंभर कोटींहून जास्त वर्षांचा. तिथे समुद्राच्या तळाशी गाळ साचला, त्याचा खडक झाला, खडकाला भेगा पडल्या आणि जमिनीखालचं कढत, खारट पाणी त्या भेगांत शिरलं. पाण्यात शिसं विरघळलेलं होतं, चिमूटभर चांदीही होती. पाणी निवत गेलं तसे आम्ही भिंतींना धरत गेलो, कणाकणाने, अंधारात. माझ्यासारखे कोट्यवधी होते तिथे. तेव्हा मला एकटेपणा ठाऊक नव्हता.

मग माणसं आली. खडकाला लाकडांचा जाळ लावायचे, तापून तो तडकला की छिन्नीने उकरायचे. एक माणूस सरपटत जाईल एवढी भोकं, हातात तेलाचा दिवा. वर आमचे तुकडे भाजायचे, भट्टीत शिसं वितळवायचे. ते शिसं राखेच्या वाटीत तापवून वर भाता मारायचा. शिसं जळून राखेत मुरायचं आणि वाटीत मागे राहायचा चांदीचा एवढासा मणी. मणभर शिशामागे काही तोळे. चांदी गेली राजाच्या टांकसाळीत. धूर गेला भट्टीवाल्यांच्या आणि त्यांच्या लेकरांच्या पोटात. पोटाला पीळ पडून, हातातली ताकद जाऊन माणसं मेली. टांकसाळीतल्या नाण्यांवर राजाचं नाव आहे. त्या लेकरांचं कुठेच नाही.

वरची चांगली शीर संपली, भोकांत पाणी भरलं, माणसं निघून गेली. मी बाहेरच्या ढिगाऱ्यात शेकडो वर्षं पडून राहिलो.

चाळीसएक वर्षांपूर्वी इथल्या शाळेतले भूगोलाचे अजिनाथ गुरुजी तिकडे सहलीला आले होते. त्यांनी मला टॉवेलात गुंडाळून रेल्वेने, मग एसटीने या गावच्या शाळेत आणलं. दरवर्षी ते मला एकेका पोराच्या तळहातावर ठेवायचे. पोराचा हात खाली गेला की गुरुजी पोरांपेक्षा जास्त हसायचे. माझ्या आयुष्यातले तेच काय ते बरे दिवस. गुरुजी निवृत्त झाले, कपाटाला कुलूप लागलं, किल्ली हरवली. अकरा वर्षं मी अंधारात होतो. माझ्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवरचं माझं नाव कसरीने खाल्लं.

मग वर्गात धडे दाखवायचा मोठा डिजिटल पडदा आला. पडद्याशी माझं भांडण नाही. पण जागा हवी म्हणून कपाट फोडलं आणि आतले दगड हे काय आहेत एवढंही न विचारता शाळेमागच्या ओढ्यात फेकले. शिकल्यासवरल्या माणसांनी फेकले. पुढच्या चुकीचा दोष मी अडाणी बाईला देणार नाही.

ती बाई म्हणजे लंकाबाई. मुलगा आणि सून ऊसतोडीला श्रीगोंद्याकडे गेलेले. सहा वर्षांची नात दिशा, शाळा बुडू नये म्हणून, आजीपाशी ठेवलेली. आईबाप गेल्यापासून पोर नीट जेवत नव्हती. ओढ्यात सरपण गोळा करताना लंकाबाईने मला उचललं.

"अगं बया, एवढुसा धोंडा अन् एवढा जड?"

एवढंच. तिच्या लेखी तेवढी खूण पुरे होती. तिने मला ओट्यालगत बसवून तेलात कालवलेला शेंदूर फासला. बाजारातला तो शेंदूरही शिशाचाच होता, म्हणजे माझाच भाजलेला भाऊबंद. माणसं यायची, हात जोडायची, मागायची. ती माझ्याशी बोलतच नव्हती. माझ्या अंगावरून भलत्याच कुणाशी बोलत होती. कपाटातही मी एवढा एकटा नव्हतो.

लंकाबाई रोज सकाळी मला लिंबाने घासून धुवायची, ताजा शेंदूर लावायची आणि ते धुतलेलं पाणी दिशाला पाजायची. "घे माय, देवाचं तीर्थ हाय."

पोरीचं पोट दुखू लागलं. आजीने तीर्थ वाढवलं. चमच्याचं फुलपात्र झालं. दुखणं वाढलं, तीर्थ आणखी वाढलं. पोर खेळायची थांबली, भिंतीला टेकून बसू लागली. ते दुखणं मी ओळखत होतो. ओरडायला मला तोंड नव्हतं.

एके दिवशी गावची आशा सेविका पंकजा वजनकाटा घेऊन आली. ती गुरुजींच्या वर्गात शिकलेली.

"मावशी, पोरगी दोन किलोनं उतरलीय. काय खाऊ घालता?"

"खाती कुठं? तीर्थावर तग धरून हाय."

"कसलं तीर्थ?"

लंकाबाईने माझ्याकडे बोट केलं. पंकजाने मला उचललं आणि तिचा हात खाली गेला. "आरं देवा. ह्यो तर गुरुजींचा दगड. शिसं हाय हे, मावशी. अन् वरचा शेंदूरबी त्यातलाच. इष पाजताय पोरीला."

"जीभ झडंल तुजी, पंकजे."

"झडू दे. आपून पोरीला नगरला नेऊ, रगत तपासू. तवर तीर्थ बंद."

"आन देव कोपला म्हंजी?"

"कोपला तर माझ्यावर कोपू दे. माझा पत्ता सांगून ठेवा त्याला."

पंकजा गेली. लंकाबाई दिवसभर माझ्याकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी दिशा स्वतःच फुलपात्र घेऊन आली आणि म्हणाली, "आजी, तीर्थ दे ना, पोट लई दुखतंय." लंकाबाईच्या हातात लिंबाची फोड होती. ती तिने खाली टाकली. फुलपात्र काढून घेतलं, पोरीला कडेवर घेतलं आणि तशीच एसटीच्या थांब्याकडे चालू लागली.

रक्त पुण्याला पाठवलं. शिसं निघालं. औषध लागलं, आईबाप ऊस सोडून आले. दिशा आता भाकरी खाते, पळते. पण पाढे म्हणताना मधेच अडखळते. ते भरून येईल का, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही.

नगरहून परतल्यावर लंकाबाई माझ्यापुढे बसली. फडक्याने सगळा शेंदूर पुसला. "तू देव न्हाईस," ती म्हणाली. "मंग हाईस तरी कोन रं? एवढ्या लांबून हितं कशापायी आलास?"

आणि कान माझ्याकडे केला. खरंच उत्तराची वाट बघत होती.

मित्रांनो, गुरुजी माझ्याबद्दल सांगायचे. लोक माझ्यापाशी मागायचे. मला माझं विचारलं ते फक्त या बाईने. आणि मी तिला एक अक्षर सांगू शकलो नाही. म्हणून हे सगळं तुम्हाला सांगतोय.

आता मी शाळेत काचेच्या बंद बरणीत आहे. पंकजाने भांडून ठेवायला लावलंय. तुमच्या गावातही एखादा दगड, एखादं यंत्र, एखादा म्हातारा असा नाव हरवून पडला असेल. त्याला फेकू नका, त्याच्या पायाही पडू नका. जवळ बसा आणि तू कोण, एवढं विचारा.

आणि कधी माझी बरणी उघडून मला हातात घेतलंत, तर भाकरीला शिवायच्या आधी साबणाने हात धुवा. माझ्याकडून तुम्हाला देण्यासारखी तेवढीच माया आहे.