रिकामा करणे बाकी

मित्रांनो, मी एक जुना नमुना आहे, पॉलिमरचा. मोहरीएवढे पांढरे दाणे, बोटभर काचनळीत भरलेले. हवेतला कार्बन डायऑक्साइड धरून ठेवायचा आणि तापवलं की सोडायचा, एवढंच माझं काम. कारखान्यांच्या धुराड्यांवर मला बसवायचं, असं ताईंच्या मनात होतं.

ताई इथल्या रसायनतज्ज्ञ. माझ्याआधी त्यांचे चाळीस नमुने फसले. कुणी वायू धरेना, कुणी धरला तर सोडेना. "हा आपल्या आत्यावर गेलाय, पाहुण्याला जाऊच देत नाही," ताईंचे बाबा म्हणायचे. बाबा याच प्रयोगशाळेत काच फुंकून नळ्या घडवायचे. कामात लेकीला 'मॅडम' म्हणायचे, डबा उघडला की 'बाळे'.

नव्या नमुन्याची पहिली परीक्षा बाबांची. नळीत एक मोठी फुंकर घालायची. श्वासात तो वायू असतोच. दाण्यांनी तो धरला की नळी कोमट होते. माझी झाली.

"मॅडम, तापला बरं का!"

"बाबा, आधी यंत्रावर बघू द्या, मग नाचा."

"यंत्राला काय कळतंय? हात लाव की!"

ताईंनी हात लावला आणि डोळेच पुसले. मग वर्षभर माझं कोण कौतुक! रोज काम संपलं की मला तापवून, रिकामा करूनच कपाटात ठेवायचं, हा नियम.

एका दुपारी बाबांनी माझ्यात फुंकर घातली आणि छाती धरून ते स्टुलावर बसले. ताईंनी सवयीने नळीला बूच लावलं आणि त्यांना घेऊन धावल्या. बाबा परत आले नाहीत. पंधरा दिवसांनी ताई आल्या. नळीवर त्या दिवसाची तारीख घातली, खाली लिहिलं, 'रिकामा करणे बाकी', आणि मला मागच्या फळीवर ठेवलं.

नऊ वर्षं मी भरलेलाच राहिलो. काचेला आतून कुणी टिचकी मारतंय, असं वाटायचं. ताई कपाट उघडायच्या, माझ्याकडे बघायच्या आणि भलतीच बाटली घेऊन जायच्या.

आज सकाळी प्रयोगशाळेचे साहेब आले. "इतकी वर्षं टिकलेला हाच एक नमुना उरलाय. यात अजून किती वायू टिकलाय, तो आकडा कारखानावाल्यांना आजच हवाय. नाही दिला, तर हे काम बंद."

"त्यात बाबा आहेत," ताई म्हणाल्या.

साहेब हसायला गेले, तारीख वाचली आणि हळूच बाहेर पडले.

ताईंनी खिडक्या लावून घेतल्या. हवा बाहेर ओढणारा पंखा बंद केला. मग बूच काढून मला तापवायला ठेवलं. मला सोडवत नव्हतं हो! पण न सोडणाऱ्याचा धुराड्यावर काय उपयोग? शंभर अंशांवर मी हार मानली. वायू मोजणाऱ्या यंत्राचा काटा सरसर चढला. ताईंनी आकडा लिहिला आणि डोळे मिटून, सावकाश, खोल श्वास घेत राहिल्या.

आता मी निवतोय. निवता निवता खोलीतली हवा पुन्हा धरू लागलोय. तिच्यात बाबा किती, ताई किती, मला सांगता येत नाही.

मित्रांनो, मला खूप जपलंत, आता कामाला लावा. आणि तेवढं ते दार उघडा. ताई केव्हाच्या आत उभ्या आहेत. कुणीतरी त्यांना चहाला हाक मारा.