भिंतीचा फोटो

प्लंबरने तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला, तळाशी दडपलेला फोन बाहेर काढला आणि चार्जिंगच्या भोकात अडकलेला एक दाणा सुईच्या टोकाने हलकेच उकरला. मग त्याने बाजूचे बटण अंगठ्याने दाबून धरले. पडदा उजळला, कंपनीचे चिन्ह उमटले, क्षणभर थरथरले आणि मावळले. पुन्हा उमटले, पुन्हा मावळले. तीन दिवस हेच चालले होते.

"अहो, ते तांदूळ शिजवायचेत मला," बायको म्हणाली. "की तेही फोनलाच वाढायचे?"

त्याने फोन सदऱ्याने पुसला, खिशात घातला आणि चपला शोधू लागला.

गेल्या मंगळवारी एका घराच्या टाकीत वाकून तो व्हॉल्व्ह पाहत असताना हा फोन वरच्या खिशातून निसटला होता. पाण्यात तो पडला त्याचा आवाजसुद्धा फारसा झाला नव्हता. मात्र त्या एका डुबकीत नऊ वर्षांच्या भिंती बुडाल्या होत्या. त्याची रीतच तशी होती. पाइप बसवून झाले की प्लॅस्टर चढण्याआधी तो जमिनीपासून वर टेप उभा ताणून धरी आणि त्या उघड्या भिंतीचा फोटो काढी. पुढे कधी गळती लागली, कुणाला कपाट ठोकायचे झाले, तर फोन उघडावा, आकडा वाचावा आणि नेमक्या जागी बोट ठेवावे. धंद्यातले इतर लोक आठवणीवर विसंबत आणि चांगल्या पाइपांना भोके पाडत. हा मात्र भिंतीच्या आत पाहतो, असे लोक म्हणत, आणि ते ऐकताना तो उगाचच पाना पुसत बसे.

आज त्याला त्यातली एकच भिंत हवी होती. ती त्याच्या लेकीच्या घरातली होती.

लेकीच्या सासरी वरच्या मजल्यावरचे न्हाणीघर त्यानेच केले होते. दोन वर्षांनी त्यामागच्या खोलीच्या भिंतीवर ओल उमटली. प्रथम तळहाताएवढी होती, पुढे सुपाएवढी झाली. विहीणबाईंनी त्याला बोलावून ती दाखवली. त्या वेळी तो सगळ्यांसमोर बोलून गेला होता, "या भिंतीत जोडच नाही. खालपासून वरपर्यंत एकसंध पाइप आहे. ओल गच्चीवरून उतरते आहे. जोड निघाला तर पुन्हा पान्याला हात लावणार नाही. फोटो आहे माझ्याकडे, फोन वाळला की दाखवतो."

"भिंतींचे फोटो काढता होय?" विहीणबाई म्हणाल्या होत्या. "आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये माझा चेहरा अर्धाच आलाय. तेव्हा तुम्ही भेटायला हवे होतात."

सगळे हसले होते. पण त्यानंतर बायकोच्या मोबाइलवर लेकीचे फोन येऊ लागले. ती तक्रार करीत नसे. "बाबा, फोटो सापडला का?" एवढेच विचारी, आणि मागे कुणीतरी भांडी आपटत असे. व्याह्यांनी त्याच्या शब्दावर गच्ची उकरायची ठरवली होती. गवंडी आज दुपारी यायचा होता. पण त्याआधी तो फोटो एकदा डोळ्यांनी पाहायचा, असा विहीणबाईंचा हट्ट होता.

मोबाइल दुरुस्त करणारी बाई गळ्यात साखळीने अडकवलेला चष्मा नाकावर चढवून बसली होती. तिने फोन उघडला, आतल्या हिरवट डागांकडे पाहिले आणि जिभेने च्यक् केले.

"काका, काम काय करता तुम्ही?"

"प्लंबर आहे."

"जगाचं पाणी बंद करता, आणि हे घरचं आत कसं शिरू दिलंत?"

तो कसनुसा हसला.

"बॅकअप घेतला होता का?"

"जावई म्हणाले होते. दोनदा म्हणाले होते."

"सगळ्यांचे जावई म्हणालेले असतात." तिने बॅटरी सोडवून बाजूला ठेवली. ती पोळून फुगलेल्या बोटासारखी दिसत होती. "मी बाहेरून वीज देऊन बघते. चालला तर पाच मिनिटं चालेल, नाहीतर तेवढाही नाही. सगळं काढून घ्यायला वेळ मिळायचा नाही. एकच काय हवंय ते ठरवून ठेवा."

"एकच?"

"एक मिळालं तरी नशीब समजा."

तो स्टुलावर बसून राहिला. दवाखान्याची भिंत, शाळेच्या मुताऱ्यांची भिंत, एका म्हाताऱ्या वकिलाच्या घरातली वळणावळणाची गरम पाण्याची लाइन. ही सगळी घरे पुन्हा मुकी होणार होती. त्याने त्यांच्याकडून मन काढून घेतले आणि गुडघ्यांवर हात ठेवून पडद्याकडे पाहू लागला.

चिन्ह उमटले. या वेळी ते मावळले नाही.

"पटकन," बाई म्हणाली.

त्याने बोट टेकवले. पडद्याचा खालचा भाग दगडासारखा निर्जीव होता आणि वरचा नको तितका जिवंत. फोटो आपोआप धावू लागले. कुणाची बेसिने, कुणाच्या टाक्या, एका गळक्या नळाचा तर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओच सुरू झाला. तो बंद करायला जावे तर कॅमेरा उघडला आणि त्याला स्वतःचेच तोंड दिसले, घामेजलेले, भुवया चढवलेले. त्याने ते घाईघाईने घालवले.

"दाबू नका, नुसतं टेकवा. पाना नाही तो."

दोन वर्षांपूर्वीचा महिना आला. भिंत आली.

कच्ची वीट, उभा टेप, पांढरा पाइप. जमिनीजवळ टेपचे टोक धरलेला लेकीचा हात. आणि टेपच्या तीन फूट दोन इंचांच्या रेघेसमोर, पाइपाच्या सरळ अंगावर, एक जाड कडे. जोड होता तो.

तो पाहत राहिला. मग त्याला ती संध्याकाळ आठवली, आणि ती इतकी लख्ख आठवली की आजवर ती कुठे दडली होती याचेच त्याला नवल वाटले. पाइप हातभर कमी पडला होता. दुकान बंद झाले होते. हाताखालचा माणूस आला नव्हता, म्हणून लेकच टेप धरायला बसली होती. आता तुकडा जोडून घेऊ, सकाळी अखंड पाइप घालू, असे त्याने मनाशी म्हटले आणि सवयीने फोटो काढला. सकाळी तो पोचला तेव्हा गवंड्याने अर्धी भिंत लिंपून टाकली होती. त्याने तोंड उघडले नव्हते. पुढे 'एकसंध पाइप' हे शब्द तो इतक्यांदा बोलला की ते त्याला स्वतःलाच खरे वाटू लागले.

"हाच ना?" बाईने विचारले. "नंबर सांगा, पाठवून टाकते."

त्याला विहीणबाईंचा नंबर पाठ होता. लेकीचा तर होताच.

"काका, नंबर."

"राहू द्या."

"म्हणजे?"

पडदा थरथरला आणि काळा झाला. बाईने तारा पुन्हा टेकवून पाहिल्या, दोनदा, तीनदा. मग चष्मा उतरवून तिने त्याच्याकडे पाहिले.

"गेला," ती म्हणाली.

तो चालतच लेकीच्या घरी गेला. गेलेल्या फोनचे गाऱ्हाणे सांगितले की काम भागणार होते. फोन पाण्यात पडला, दुरुस्त झाला नाही. यात एक अक्षरही खोटे नव्हते. गच्ची उकरतील, नवा थर देतील, ओल तशीच राहील. पण तोवर पावसाला, विटेला, कशालाही बोल लावता येईल. कोपऱ्यावर पोचेपर्यंत त्याने ही सारी वाक्ये नीट जुळवून ठेवली.

दार विहीणबाईंनीच उघडले.

"मिळाला का फोटो?"

"फोन गेला."

"म्हणजे फोटोही गेला."

"हो."

त्याने मान खाली घातली आणि टोमण्याची वाट पाहिली. तो आला नाही.

"बसा आधी, घामाने भिजलात," त्या म्हणाल्या. "जाऊ द्या तो फोटो. मी आपली संशयी बाई. काल सुनेला खोदून खोदून विचारलं. तीही म्हणाली, बाबा म्हणतात तर जोड नसणारच. तुमची लेक खोटं बोलायची नाही, एवढं मला दोन वर्षांत कळलंय. गवंडी गच्चीवर गेलाय. सांगते त्याला, कर सुरू."

त्या जिन्याकडे वळल्या. लेक स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. बापाकडे पाहून ती थोडीशी हसली. त्या हसण्यात उगाचच एक धीर होता, आजाऱ्याला द्यावा तसा.

"विहीणबाई," तो म्हणाला. "थांबा जरा."

तो वर न्हाणीघरात गेला. मागोमाग दोघी आल्या. भिंतीला फूटभर उंचीच्या निळसर टाइल होत्या, विहीणबाईंनी चार दुकाने पालथी घालून निवडलेल्या, आणि आता त्या कुठेच मिळत नव्हत्या. त्याने पिशवीतून टेप काढला, फरशीवर टेकवला, वर ताणला आणि पेन्सिलने एका टाइलवर फुली मारली. तिची रेघ वाकडी आली.

"गच्ची नको. गवंड्याला इथे बोलवा," तो म्हणाला. "ही एक टाइल काढायला सांगा. जोड आहे इथे."

"तुम्ही तर म्हणालात—"

"म्हणालो होतो. मीच घातलाय तो. पाइप कमी पडला होता."

विहीणबाईंनी फुलीकडे पाहिले, मग त्याच्याकडे. खाली कुठेतरी नळ ठिबकत होता.

"बाबा," लेक अगदी हळू म्हणाली. "तेव्हा ही फरशी नव्हती."

त्याला प्रथम कळले नाही. मग कळले. तेव्हा टेप कच्च्या जमिनीवर टेकला होता. त्यावर नंतर तीन इंचांची फरशी चढली होती. त्याने फुली अंगठ्याने पुसली आणि तीन इंच खाली दुसरी मारली. ती खालच्या टाइलवर पडली.

"आणि तुला गं हे कसं ठाऊक?" विहीणबाईंनी विचारले.

लेकीने मान वर केली नाही. ती उकिडवी बसली आणि भिंतीच्या कडेचे साबण, घासण्या, तांब्या एकेक करून बाहेर ठेवू लागली.