लांब गेलं की ओढते

आमच्या घरात वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर कोणी काही बोलत नाही. सगळं पाठीमागे ठरतं आणि मग गोड बोलून त्याच्या गळी उतरवलं जातं. लग्न होऊन काटेवाडीत आले तेव्हा मला ही रीत फार चांगली वाटली होती. आता तिचा वीट आलाय.

झालं असं, की माझे सासरे संभाजीआबा मासळी आणायला भिगवणला गेले होते. शेजारी सासूबाई. परत येताना गाडी रस्ता सोडून साइडपट्टीवर उतरली आणि वेड्या बाभळीत जाऊन थांबली. दोघांना खरचटलंही नाही, मासळीची पिशवी तेवढी उपडी झाली. घरी आल्यावर आबा ओसरीवर बसले, तांब्याभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "गाडी डावीकडं वढती. जरा लांब गेलं की वढती."

आबांनी सत्तरी कधीच ओलांडलीय. त्यामुळे 'लांब गेलं की' याचा अर्थ घरातल्या प्रत्येकाने मनातल्या मनात एकच लावला, की लांब गेलं की आबा दमतात.

माझा नवरा रविराज दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन बारामतीला गेला. काटेवाडीहून बारामती ती केवढी लांब, बसलं नाही तोवर उतरायची वेळ होते. गॅरेजवाल्या दीपकने चाकांतली हवा बघितली, टायर बघितले, गाडी अलाइनमेंटच्या मशीनवर चढवली, एमआयडीसीत एक चक्कर मारली. स्टेअरिंगवरचे हात सोडले तरी गाडी सरळ. "गाडीत काय न्हाय दादा," तो म्हणाला. "चालवतंय कोण?"

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात ठरलं, की आबांच्या हातात गाडी द्यायची नाही. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? शेवटी रविराजने तोड काढली. गाडीत दोष निघालाय, पार्ट पुण्याहून मागवलाय, तोवर गाडी शेडमध्ये, असं आबांना सांगायचं. दीपकलाही तसंच पढवून ठेवलं. म्हणजे आबा जे म्हणत होते तेच आम्ही त्यांना परत सांगितलं, फक्त खोटं समजून. मी म्हटलं, "सरळ बोला ना त्यांच्याशी." रविराज म्हणाला, "तू बोल." मग मीही गप्प बसले. सकाळी शाळेत पोरांपुढे घसा फोडायचा, संध्याकाळी गोठा, त्यात भाकरी. भांडायला अंगात त्राण तर हवं.

पहिल्या आठवड्यात आबा रोज विचारायचे, "पार्ट आला का रं?" मग दोन-चार दिवसांनी विचारायला लागले. मग विचारणंच बंद झालं.

बंद झालं ते एवढंच नाही. शेताकडे जाताना पाण्याच्या चारीवरची फळी ओलांडायची, तर हात धरायला कोणीतरी लागायला लागलं. मोटर बंद करून घरी आले की मला म्हणायचे, "उत्कर्षा, जरा बघून ये. म्या बंद केली का न्हाय कुणास ठाऊक." मी बघून यायची. मोटर दर वेळी बंदच असायची. रविराज म्हणाला, "बघ, आपण वेळेवर सावध झालो." मलाही ते पटलं होतं.

दर पौर्णिमेला आबा सासूबाईंना घेऊन नरसिंहपूरला जायचे. कुलदैवत आमचं. गाडी शेडमध्ये गेल्यापासून तेही थांबलं होतं. पौष पौर्णिमेला मात्र सासूबाई हटून बसल्या. "पार्ट येवो न येवो, मला देवाला जायचं हाय." रविराजच्या उसाला नेमकी तोड आलेली, टोळी फडात उतरलेली, तो हलणं शक्य नव्हतं. म्हणजे मी. शाळेला सुट्टी टाकली ती झोप काढावी म्हणून, आणि बसले ड्रायव्हर होऊन.

आबा मागचं दार उघडून मागे बसले. स्वतःच्या गाडीत मागे बसलेले आबा मी कधी पाहिले नव्हते. सासूबाई पुढे माझ्याशेजारी आल्या आणि पदर सावरत खिडकीबाहेर बघत राहिल्या.

लासुर्णे गेलं, अंथुर्णे गेलं. गाडी अगदी गुणाची चालली होती. समोरून उसाच्या ट्रॉल्या, मागून कर्णे, मी सारखा ब्रेक दाबत, सोडत होते. निमगाव केतकी मागे पडलं आणि हातांना काहीतरी जाणवलं. स्टेअरिंग डावीकडे जात होतं. मी ते सरळ केलं. परत गेलं. मला वाटलं, मीच दमलेय. दमलेली तर मी रोजच असते. मान झटकली, नीट बसले. गाडी मात्र हट्टी बैलासारखी बांधाकडेच जायला बघत होती. मग जळकट वास आला.

"आबा, गाडी ओढतेय," मी म्हणाले.

आबांनी मागून पुढे वाकून रस्त्याकडे बघितलं. मग आबा म्हणाले, "रस्ताच तसा आसंल."

मी गाडी कडेला घेतली. आबा सावकाश उतरले. आधी उजव्या बाजूच्या पुढच्या चाकाजवळ हात नेला, रिंगेला लावला. मग गाडीला वळसा घालून डाव्या चाकाजवळ आले. हात टेकायच्या आधीच त्यांनी तो मागे घेतला. वास तिथूनच येत होता.

"भाजतंय," ते म्हणाले. मग चाकाकडे बघतच, अगदी हळू म्हणाले, "म्हंजी मी न्हवतो."

सासूबाई गाडीतून उतरल्या नाहीत. त्यांनी पदर तोंडाला लावला होता.

चाक निवल्यावर हळूहळू इंदापूर गाठलं. तिथल्या मेकॅनिकने चाक खोललं आणि ब्रेकचा पिस्टन दाखवला. तो धरला होता, जागच्या जागी अडकून बसला होता. ब्रेक सोडला तरी डावं चाक पुरतं मोकळं होत नव्हतं. थोडं अंतर गेलं की तापायचं, तापलं की आणखी आवळायचं आणि गाडीला आपल्याकडे ओढायचं. थंड गाडी चार पावलं फिरवली तर काही कळायचं नाही. "मालक, तुमाला कळलं न्हाय का?" त्याने आबांना विचारलं. आबा म्हणाले, "कळलं हुतं."

मी बाजूला जाऊन रविराजला फोन लावला आणि सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आबांना आत्ता काही बोलू नको." मी फोन ठेवून दिला.

काम होईपर्यंत आम्ही बाकड्यावर बसलो. मला बोलायचंच होतं. "आबा, पार्ट कधी मागवलाच नव्हता," मी म्हणाले. "आम्हाला वाटलं होतं, तुमच्याच्यानं..."

"पार्ट यायला इतकं म्हैनं लागत नसत्यात, पोरी," आबा म्हणाले. "ट्रॅक्टर वापरलाय म्या जन्मभर. मला तवाच कळलं, घरात काय ठरलंय ती. म्हटलं, समदी म्हनत्यात तर आसंल. पोरं काय माझी वैरी हायत?"

त्या दिवशी नरसिंहपूरला पोहोचायला संध्याकाळ झाली. गाडी मीच चालवली.

घरी रविराजने किल्ली पुन्हा आबांच्या खुंटीला अडकवली. बोलला काहीच नाही. आमच्या घरात वडीलधाऱ्यांची माफीही कोणी तोंडावर मागत नाही. किल्ली तशीच लटकत राहिली. येता-जाता ती दिसायची आणि मला नवऱ्याचा राग यायचा, त्याहून जास्त स्वतःचा.

पुढची पौर्णिमा आली. मी गाडी शेडबाहेर काढली, उतरले आणि दार उघडं धरून उभी राहिले. "आबा, चला. तुम्ही घ्या."

आबा आले. स्टेअरिंगकडे बघत थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, "तूच चालव."

"आता गाडी चांगली झालीय, आबा. दोष तिच्यातच होता. तुम्ही चांगले आहात."

"व्हय," ते म्हणाले. "ती कळतंय मला. पर तुमी समदी म्हनत हुता म्हनून मी बी मनाशी म्हनाय लागलो. आता ती मनातनं जाईना."

त्यांनी मागचं दार उघडलं आणि बसले. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी गाडी काढली. लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी. गाडी कुठेही ओढली नाही, नाकासमोर सरळ चालली. आरशात बघितलं तर आबांनी दारावरचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.