कोरलेलं साल

"तोंड इकडे करा बघू, काका. त्या भिंतीत काय ठेवलंय एवढं?"

रादिसाव काका हलले नाहीत. बायपास होऊन पाचवा दिवस. टाके सुकत आलेले, नाडी ठणठणीत, डॉक्टर खूश. आणि हा माणूस पलंगावरून खाली पाय टाकायला तयार नाही. असे पेशंट न्यूमोनिया होऊन जातात, हे मी बेलग्रेडच्या या वॉर्डात बावीस वर्षं पाहतेय. मला त्यांचा राग येत होता आणि भीतीही वाटत होती.

शेवटी त्यांच्या बायकोनं, मिलुंकानं, मला जिन्यात गाठलं.

"म्हाताऱ्यानं आपल्या थडग्याचा दगड आत्ताच करून घेतलाय."

"मग काय झालं? आमच्या बाबांचाही तयार आहे."

"अगं, सालासकट! पाथरवट गावात आलाच होता. हा म्हणाला, ऑपरेशनातून कोण उठतंय, यंदाचंच साल कोरून टाक! ग्रॅनाइट आहे बाई, खोडरबरानं जातंय होय?"

मृत्यूचं साल कोरं सोडायचं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. मी कपाळावर हात मारला आणि तरातरा वॉर्डात गेले.

"काका, आत्ता एप्रिल चाललाय. साल संपायला आठ महिने आहेत. तोवर काय लोळत पडणार?"

ते वळले.

"खरंच की," म्हणाले, आणि चपला मागितल्या.

दहा दिवसांत घरी गेले. मी त्यांना बरं केलं की मुदत घालून दिली, मला काही कळेना.

एकतीस डिसेंबरला मिलुंकाचा फोन आला. म्हातारा नवा सूट घालून पडलाय. दुसऱ्या दिवशी मी धीर करून फोन लावला.

"आहे, आहे! म्हणतो, चर्चच्या जुन्या पंचांगानं साल तेरा जानेवारीला संपतं."

चौदाला सकाळी मी पुन्हा नंबर फिरवला.

"उठलाय," मिलुंका म्हणाली. "पहाटेपासून टेबलाशी बसून एकच विचारत होता, आता मी काय करू? मी काय सांगणार, पोरी?"

"त्यांना द्या ना फोन."

"घरात कुठाय! यंदा बियाण्याला बटाटे ठेवलेच नव्हते त्यानं, सगळे खायला काढले. शेजाऱ्याकडं मागायला गेलाय. बर्फातून, सूट घालूनच."