मी ट्रेमध्ये जात नसतो

मी बाईंचा डावा पाय बोलतोय. गुडघ्याखालचा. आईच्या पोटातून आलेला नव्हे, वर्कशॉपमधून आलेला. आत पोलादी नळी, वर प्लॅस्टिकची खोलगट वाटी, खाली रबराचं पाऊल. लोक मला खोटा पाय म्हणतात. खोटा म्हणे! खोट्या पायावर माणूस दिवसभर बसच्या पायऱ्या चढतं-उतरतं का कधी?

बाई म्हणजे कंडक्टरबाई. त्या दारात उभ्या असताना त्यांच्या थांबलेल्या बसला मागून ट्रक धडकला आणि त्यांचा जन्माचा पाय गेला. त्याला मी कधी पाहिलं नाही, पण ऐकलंय मात्र कान किटेपर्यंत. सुरुवातीला ऊठसूट त्याचंच कौतुक. तो असता तर असं झालं नसतं, तो असता तर तसं झालं असतं. नव्या सुनेने थोरल्या जावेचे गोडवे ऐकावेत तसं मी सगळं ऐकून घेतलं.

मला घडवणारा माणूस बोलायला फटकळ, पण हाताचा हलका. त्याच्याकडे भिंतीवर ओळीने पाय टांगलेले असत आणि जमिनीवर प्लास्टरची पांढरी भुकटी. त्याने बाईंच्या उरलेल्या पायाचं माप घेतलं, साच्यावर तापलेलं प्लॅस्टिक ओढलं, घासलं, परत घासलं. रंगाचं विचारल्यावर म्हणाला, "एकच रंग शिल्लक आहे. गोरा." बाई त्या दिवसांत कुणाशी धड बोलत नसत. पण तेव्हा हसल्या. म्हणाल्या, "असू दे. निदान एक पाय तरी गोरा मिळाला."

निघताना त्याने बजावलं, "फार वेळ बसून राहिलात की उरलेला पाय सुजतो. सुजल्यावर याला काढलंत तर परत लवकर चढायचा नाही. ध्यानात ठेवा."

आमचं पहिल्यांदा अजिबात जमलं नाही. मी टोचायचो, त्या शिव्या द्यायच्या. फोड आले, रक्त आलं आणि एके दिवशी त्यांनी मला खाटेखाली भिरकावून दिलं. महिनाभर मी तिथे धूळ खात पडलो. मलाही राग आला होता. माझं काय चुकलं होतं? मी काय स्वतःहून आलो होतो यांच्या घरी?

तिथे पडल्या पडल्याच मी ते बोलणं ऐकलं. बाईंच्या लेकीला परदेशात नोकरी लागली होती. ती खाटेवर आईशेजारी बसून म्हणाली, "आई, तुला अशी टाकून मी कुठे जात नाही."

"जायचं. माझ्यापायी तू अडकून बसलीस तर मला अन्न गोड लागायचं नाही."

"आणि तू?"

"मी येईन तुझ्याकडे. चालत येईन."

"चालत?"

"विमानाने गं बाई. पण विमानतळाच्या दारातून बाहेर येईन ती चालत. कुणी ढकलत आणणार नाही मला."

लेक रडत रडत गेली. दुसऱ्या दिवशी बाईंनी मला केरसुणीने बाहेर ओढलं, जळमटं झाडली आणि म्हणाल्या, "चल मेल्या. शब्द देऊन बसलेय मी."

त्या दिवसापासून आमची दोस्ती झाली. आम्ही पडलो, उठलो, एकमेकांवर खेकसलो. ऑफिसने बाईंना टेबलाचं काम देऊ केलं, ते त्यांनी नाकारलं आणि पुन्हा बसमध्ये चढल्या. कुणी कीव येऊन उठून जागा दिली की म्हणायच्या, "बसा हो तुम्ही. मला तिकिटं फाडायचीत."

आता यजमानांविषयी सांगतो. बाईंचे यजमान म्हणजे गरीब गाय. सारी नोकरी 'हो साहेब' म्हणण्यात गेली. गणवेश दिसला की त्यांचा हात आपोआप खिशातल्या कागदपत्रांकडे जातो. सोसायटीच्या वॉचमनलासुद्धा ते वाकून नमस्कार करतात. एकच गोष्ट त्यांनी जिवापाड जपली होती. त्यांचे सगळे दात बसवलेले आहेत, हे जगात कुणाला कळता कामा नये. लेकीलाही माहीत नव्हतं. माहीत होतं ते बाईंना आणि मला. कारण झोपताना ते दात वाटीत पडतात आणि मी शेजारी जमिनीवर.

चार वर्षांनी एकदाचे आम्ही निघालो. पहिल्या विमानतळावर तपासणीच्या बाईने माझ्यावरून कागदाची एक पट्टी घासली, ती स्फोटकं ओळखणाऱ्या यंत्रात घातली, मान हलवली आणि आम्हाला सोडलं. झालं! मग लांबच लांब प्रवास. बसून बसून बाईंचा उरलेला पाय माझ्या वाटीत टम्म सुजला.

मध्येच एका विमानतळावर विमान बदलायचं होतं. यजमानांना वाटलं, या दारातून निघायचं आणि त्या दारात शिरायचं. कसलं काय! वाटेत पुन्हा रांग, पुन्हा ट्रे, पुन्हा ती धातू ओळखणारी चौकट. बाईंचं डोकं फिरलं.

"अहो, आपण रस्त्यात कुठे उतरलो का? विमानातून थेट इथेच आलो ना? एवढ्यात मी काय वाटेत बाँब घेतला?"

"हळू, हळू बोल! तो शब्द काढू नकोस इथे," यजमान कासावीस झाले.

त्या रांगेत माणसं बघण्यासारखी असतात. एरवी तोऱ्यात चालणारा गृहस्थ पट्टा काढून एका हाताने पँट सावरत उभा असतो. कुणी पाण्याची बाटली फेकायला लागू नये म्हणून उभ्या उभ्या गटागटा संपवतं. आमच्या पुढच्या बाईने मागच्या विमानतळावर अत्तर घेतलं होतं. तिथे चाललं, इथे चालेना. बिचारीने ते डब्यात टाकलं आणि जाता जाता थोडं मानेला लावून घेतलं.

आमची पाळी आली. चौकट वाजली. मीच वाजवली. आत पोलाद आहे, वाजणारच. मला त्याची लाज नाही.

बाईंनी पँटचा पायचा वर करून मला दाखवलं. तपासणीवाला तरुण होता, इस्त्रीचा कडक गणवेश. त्याने माझ्याकडे एक नजर टाकली आणि ट्रे पुढे सरकवला. "काढा. यात ठेवा."

त्याची भाषा बाईंना येत नव्हती, यजमानांना कामापुरती येत होती. मला बऱ्यापैकी कळते, माझे निम्मे सुटे भाग परदेशीच आहेत. पण बोटाने ट्रे ठोकला की कुठल्याही भाषेत कळतं.

"त्याला सांगा, काढत नाही म्हणावं," बाई म्हणाल्या. "आता काढला तर परत चढायचा नाही. कागद घासून तपासा म्हणावं, मी उभी आहे."

यजमान त्याला म्हणाले, "साहेब, ती म्हणते आपलं काम फार चांगलं आहे, फक्त जरा अडचण आहे."

"अडचण सगळ्यांनाच असते. अंगावरून जे जे निघतं ते ट्रेमध्ये. नाहीतर बाजूला व्हा."

आम्ही बाजूला झालो. रांग आमच्यावरून पुढे सरकू लागली. कुणी वळून बघत होतं, एकाने तर फोन वर धरला. समोरच्या पाटीवर आमच्या विमानापुढे लाल अक्षरं लागली. यजमानांना घाम फुटला.

"काढ ना गं. दोन मिनिटांचा प्रश्न. विमान चुकेल."

"चुकू दे."

"पोरगी वाट बघतेय तिकडे."

"म्हणूनच!" बाईंचा आवाज फुटला. "इथे काढला तर मी तिच्यासमोर चाकाच्या खुर्चीतून जाणार. सामान जातं तशी. चार वर्षं मी रक्त आटवलं ते यासाठी का हो?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. चार वर्षांत मी ते फार थोड्या वेळा पाहिलंय. त्यांचा हात खाली माझ्या पट्ट्यापर्यंत आला. मला वाटलं, संपलं. मी आतल्या आत ओरडत होतो, बाई, सोडू नका मला! अपराध काय आमचा? तुमच्या यंत्राला मी कळत नाही, हा यंत्राचा दोष. त्यासाठी माणसाने सगळ्यांसमोर स्वतःचं अंग सुटं करून दाखवायचं?

यजमानांनी बाईंच्या त्या हाताकडे पाहिलं. मग त्यांनी काय केलं माहीत आहे? सरळ त्या तरुणासमोर जाऊन उभे राहिले, त्याच्यापुढचा रिकामा ट्रे ओढला, तोंडात बोटं घातली आणि वरची कवळी काढून ट्रेमध्ये ठेवली. मग खालची.

रांग पुढे सरकायची थांबली. मागून कुणीतरी मराठी बाई "अगं आई गं" म्हणाली.

"हेही निघतं," यजमान म्हणाले. गाल आत गेलेले, शब्द फुसफुसत बाहेर पडत होते, पण एकही शब्द मागे हटला नाही. "घ्या, तपासा. आणखी काय काढू सांगा. हिचा पाय मात्र निघणार नाही."

'साहेब' म्हणाले नाहीत. मी नीट ऐकलं.

गडबड पाहून वरिष्ठ बाई आल्या. त्यांनी ट्रेकडे पाहिलं, यजमानांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्या तरुणाकडे असं काही पाहिलं, की त्याने मान खाली घातली. "आधी ते उचला, काका," त्या हलकेच म्हणाल्या. मग आम्हाला पडद्याआड नेलं, माझ्यावरून कागदाची पट्टी घासली, यंत्रात घातली. एवढंच होतं काम. मला काढायची गरज नव्हती. माफी कुणी मागितली नाही, आणि ती ऐकायला थांबायला आम्हालाही सवड नव्हती.

आमच्या विमानाचं दार पार दुसऱ्या टोकाला. वाटेत प्रवासी नेणाऱ्या बॅटरीच्या गाडीवाल्याने बसा म्हणून खूण केली. बाईंनी मानेनेच नाही म्हटलं. सुजलेलं मांस माझ्या कडेवर घासत होतं, मला ते कळत होतं आणि मी काही करू शकत नव्हतो. पोहोचलो तेव्हा तिथला माणूस दार लोटतच होता.

"थांबा!" बाई ओरडल्या. भरलेली बस एका हाकेत थांबवणारा आवाज तो. भाषा त्याला कळो न कळो, त्याचा हात जागच्या जागी थांबला.

जागेवर बसल्यावर बाईंनी यजमानांचा हात धरला. "अहो, सगळ्यांसमोर काढलेत?"

त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवून दात घातले आणि मग म्हणाले, "मग काय तुला एकटीला उघडी पडू द्यायची होती?"

पुढच्या विमानतळावर सरकती दारं उघडली. समोर लेक उभी होती. तिने आधी आईच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. तिने खाली पाहिलं. माझ्याकडे. माझ्या वाटीतल्या मोज्यावर रक्त आलं होतं, आम्ही लंगडत होतो, पण चालत होतो. दारापासून तिच्यापर्यंत बाईंनी कुणाचा हात धरला नाही.

"आले की नाही?" त्या म्हणाल्या.

लेक मटकन खाली बसली आणि तिने मला कवटाळलं. चार वर्षांत मला कुणी असं जवळ घेतलं नव्हतं. मी प्लॅस्टिकचा आहे म्हणून सांभाळून गेलो, नाहीतर माझंही काही खरं नव्हतं.

आता बाईंची जखम भरली आहे. रोज सकाळी आम्ही लेकीच्या गल्लीतून फेरी मारतो. माझं रबर झिजलंय, पट्टा सैल झालाय. लेक नव्या, हलक्या पायासाठी मागे लागली आहे. घ्यावा. माझी हरकत नाही, सगळ्यांनाच कधीतरी निवृत्त व्हायचं असतं. पण बाईंनी तिला सांगून टाकलंय, "नवा घरी गेल्यावर घेऊ. परत जाताना मात्र हाच."

तेव्हा तपासणीवाल्यांनो, ऐकून ठेवा. कागद घासा, यंत्र लावा, हवं तर दहा वेळा तपासा. तुमचं काम आहे, आम्ही उभे राहू. दया नको, खुर्ची नको. पण ट्रे पुढे सरकवाल तर याद राखा. परतीचं तिकीट तुमच्याच विमानतळावरून आहे.

येतोय आम्ही.